रात्रीची हुरडा पार्टी, सकाळी पावणेसातला मशीनवर ५८. झोपून उठल्यावरही दारू राहते का?

काळी_माती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. टोपणनावानं लिहितोय, कारण लातुरात मला ओळखणारे बक्कळ आहेत आणि त्यातले निम्मे माझेच विद्यार्थी.

गेल्या शनिवारी आमच्या रानात हुरडा पार्टी होती, औशाच्या पुढं. आगटी पेटवली, कणसं भाजली, जवसाची चटणी, गूळ, दही, आणि थंडी होती म्हणून बाकीचंही. आम्ही पाच जण. आठला बसलो, बाराच्या आत आवरलं. मी फार घेत नाही, दीड क्वार्टर झाली असेल. वर मटण-भाकरी खाऊन तिथंच कोठ्यावर झोपलो. पिऊन स्टिअरिंगला हात लावायचा नाही हा माझा नियम आहे आणि त्या रात्री मी तो पाळला, हे आधी लक्षात घ्या.

साडेपाचला उठलो. बोअरच्या पाण्यानं अंघोळ, दोन कप चहा, तांब्याभर ताक. डोकं थोडं जड, बाकी ठणठणीत. घरून आईला गाडीत घेतलं, तिची लातुरात डोळ्याची तपासणी होती. पावणेसातला शहराच्या तोंडाशी नाकाबंदी. फुंका म्हणाले. मी हसतच फुंकलं. मशीनवर ५८.

हवालदारानं आधी आकड्याकडं बघितलं, मग शेजारी बसलेल्या आईकडं, आणि म्हणाला, "सर, सकाळी सकाळी?" गाडी तिथंच राहिली. आम्ही ऑटोनं दवाखान्यात गेलो. आईनं तिथं पोचेपर्यंत एक शब्द काढला नाही. ड्रॉप टाकून डोळे मिटून बसली, तेव्हा फक्त म्हणाली, "मला वाटलं तू लवकर उठून अभ्यास करत असशील."

प्रश्न सरळ आहे. शेवटचा घोट घेऊन पावणेसात तास झाले, झोप झाली, अंघोळ झाली. मग ५८ कसं? मशीन बिघडलेलं असू शकतं का? कुठं अर्ज करावा?

नुसतं_वाचतो

मशीनच खराब. माझ्या साडूनं नुसतं खोकल्याचं औषध घेतलं होतं तर आकडा आला. सोडू नका, अर्ज कराच.

साधा_डॉक्टर

मशीनला दोष द्यायच्या आधी एकदा वहीत हिशोब मांडू. सर शिक्षक आहेत, आवडेल त्यांना.

विदेशीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल बसतं. दीड क्वार्टर म्हणजे ९१ ग्रॅम. सरांचं वजन ७०-७२ किलो धरलं, तर एवढ्या दारूनं १०० मिली रक्तात अंदाजे १८५ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. लिव्हर ते ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी करतं. कुणाचं १२, कुणाचं १८, पण चाळीस-पन्नास कुणाचंच नाही. आठ ते पावणेसात म्हणजे पावणेअकरा तास. म्हणजे १६० गेले, उरले २५. कायद्याची मर्यादा ३०. या हिशोबानं सर सुटायला हवे होते.

म्हणून सर, एक खरं सांगा. पाच जणांत बाटल्या किती लागल्या?

काळी_माती

दोन खंबे. सकाळी गड्यानं उचलले, रिकामे होते.

साधा_डॉक्टर

दोन खंबे म्हणजे दीड लिटर. पाच जणांत सारखी वाटली तरी माणशी ३०० मिली, २७० नव्हे. १०१ ग्रॅम. सुरुवात २०५ च्या आसपास, सकाळी उरतात ४५. त्यात तुमचं लिव्हर ताशी १५ ऐवजी १४ नं चालत असेल, तर ५५. मशीन काय म्हणालं होतं?

रानात, आगटीच्या उजेडात, स्टीलच्या पेल्यात पेग मोजून कोण भरतं? आपण किती प्यालो याचा आपला अंदाज कायम कमीच असतो.

भाकरी_करपली

😂 बाटल्यांचा हिशोब बायकांना विचारत जा. आम्ही सकाळी मोजतो.

काळी_माती

डॉक्टर साहेब, मानलं. पण मला काहीच जाणवत नव्हतं हो! आणि ताक, अंघोळ, चहा, झोप, यानं काहीच फरक पडत नाही?

साधा_डॉक्टर

आपल्या भागातलंच उदाहरण देतो. लिव्हर म्हणजे ठिबक. विहिरीत पाणी एक परस असो का चार परस, ड्रीपर ताशी ठरलेलंच पाणी सोडणार. पाट फोडून लवकर भिजवून घेऊ म्हटलं तर ती सोयच नाही. पोटातली दारू रक्तात आली की नव्वद टक्क्यांहून जास्त लिव्हरच मोडतं. आधी तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं (सकाळी मळमळ आणि डोकेदुखीत याचाही हात असतो) आणि मग त्याचं ॲसिटेट. हे काम करणारी एन्झाइम्स थोड्याशा दारूतच पुरती गुंततात, म्हणून पुढं कितीही वाढवा, वेग तोच. राहिलेली दोन-पाच टक्के श्वास, लघवी आणि घामातून जाते.

चहानं तुम्ही जागे झालात, उतरली नाही. अंघोळीनं ताजे झालात, उतरली नाही. ताकानं पोटाला बरं वाटलं. उलटीनं फक्त पोटात पडून असलेली बाहेर येते, रक्तात गेलेली नाही. मटण-भाकरीचा मात्र उपयोग झाला. भरल्या पोटी दारू सावकाश चढते, म्हणून शिखर थोडं बुटकं होतं. उतरायला लागणारे तास काही माफ होत नाहीत.

झोपेचंही नीट ऐका. झोपेत लिव्हर जास्त जोरात चालत नाही. उलट दारूनं झोप लवकर लागते पण पहाटे मोडते, स्वप्नांची झोप कमी होते, लघवीला दोनदा उठावं लागतं. कारण पाणी धरून ठेवणारं जे संप्रेरक मेंदूतून सुटतं, तेच दारू दाबते. म्हणून तोंड कोरडं, डोकं जड.

आणि 'जाणवत नव्हतं' हाच तर लोचा आहे. ज्या मेंदूनं 'मला चढली का' हे ठरवायचं, दारू आधी तोच भाग सैल करते. चढलेल्या माणसाला नेहमी दुसराच कुणीतरी सांगतो.

नुसतं_वाचतो

माझ्या साडूचं राहिलं.

साधा_डॉक्टर

साडूंचं खरं असू शकतं. काही औषधांत, माऊथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, ते तोंडात चिकटून राहतं आणि लगेच फुंकलं तर आकडा येतो. पंधरा-वीस मिनिटं थांबून परत फुंकायला मागा. तोंडातली असेल तर जाते, रक्तातली असेल तर तिथंच राहते. मशीन फुफ्फुसातली खोलवरची हवा मापतं. साधारण २१०० मिली हवेत जेवढं अल्कोहोल, तेवढं १ मिली रक्तात, हा त्यामागचा हिशोब. म्हणून वेलची, बडीशेप, मसाला पान, कच्चा कांदा यांनी हवालदाराचं नाक फसेल, मशीन नाही.

दहाचाकी

नमस्कार. मी २२ वर्षं ट्रक चालवूलालो, नांदेड-लातूर-सोलापूर लाईनला. कमी शिकलेलो हाव, चुकलं तर सांभाळून घ्या.

सर, तुम्ही सकाळचं सांगूलालाव, मी रात्रीचं सांगतो. सध्या कारखाने चालू हायत. अहमदपूर-लोहा पट्ट्यात रात्री निघा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगानं हातभर बाहेर, मागं ना लाईट ना रेडियम. समोरून डिपर न मारता गाडी येते, डोळ्यात फोकस बसतो. शुद्धीतल्या माणसाला दोन-तीन सेकंद कायबी दिसत नाही. तेवढ्यात काळी ट्रॉली काळ्या रस्त्यावर पुढं उभी असते. पिलेल्याचे डोळे अजून उशिरानं सावरतात, हे मला कुणी शिकवलं नाही. एक वेळ अशी आली की उसाचं शेंडं माझ्या काचेवर घासलं. तवा मी नव्वदी टाकलेली होती, खोटं कामून सांगू. त्या दिवसापासून गाडीवर असताना बंद.

साधा_डॉक्टर

दहाचाकी मामांनी सांगितलं ते पुस्तकातही तसंच आहे. दारूनं नजर कमी होते असं नाही, पण झगमगाटातून सावरायला वेळ लागतो, कडेचं लक्षात येत नाही आणि दोन गोष्टींवर एकदम ध्यान राहत नाही. ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला की आठ मीटर जास्त. मामांच्या काचेवर शेंडे घासले, कारण आठ मीटर नसले तरी वीतभर उरलं होतं.

गावकुसाबाहेर

फार बाऊ चाललाय. आमचे अण्णा रोज संध्याकाळी एक चपटी मारून पन्नास वर्षं बाजारातून बैलगाडीनं घरी आले. एक ओरखडा नाही. सवय असलेल्याला काही होत नाही.

दहाचाकी

अण्णा नव्हं, बैल घरी आले. बैलाला रस्ता पाठ असतोय.

भाकरी_करपली

दहाचाकी मामा +१०००

साधा_डॉक्टर

सवयीबद्दल मात्र अण्णांच्या बाजूनं अर्धं खरं. रोज पिणारा झोकांड्या खात नाही, सरळ बोलतो, कारण मेंदू दारूशी जुळवून घेतो. पण अचानक आडवं काही आलं की त्याचाही पाय उशिराच हलतो. म्हणजे सवयीनं लपवणं जमतं, गाडी चालवणं नाही.

आणि धाग्यात 'थंडी होती म्हणून' असं आलंय, ते राहिलंच होतं. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात अंगातली उष्णता त्या वाटेनं बाहेर जाते. हुरड्याच्या रात्री पिऊन उघड्यावर झोपणाऱ्याला गोधडी जास्तच लागते.

काळा_कोट

अर्जाबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सापडलं की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. परवानाही निलंबित होतो. 'रात्री घेतली होती' हा बचाव नाही. कायदा विचारतो की गाडी चालवताना रक्तात किती होती. कधी घेतली, हे विचारत नाही.

आता जे कुणी विचारत नाही ते. पिऊन ठोकली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा सहसा मिळत नाही, पॉलिसीतच तसं लिहिलेलं असतं. समोरच्या जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई मिळते, पण ती रक्कम विमा कंपनी पुढं गाडीमालकाकडून वसूल करायला येऊ शकते. दोन एकर विकलेलं घर मी पाहिलंय. माणूस गेला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, निष्काळजीपणासाठी पाच वर्षांपर्यंत. पिऊन कसा चालवत होता यावरून कलम १०५ (सदोष मनुष्यवध) लागलं, तर प्रकरण फारच जड होतं.

सर, अर्ज करू नका. हजर व्हा, कबूल करा, दंड भरा.

नुसतं_वाचतो

पण सरकारी आकड्यात दारूनं झालेले अपघात फार कमी असतात म्हणे. मग एवढी नाकाबंदी कशाला?

काळा_कोट

तुम्ही म्हणता तो तक्ता मीही बघतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यात दारूच्या रकान्यातला वाटा तीन टक्क्यांच्या आत. पण हा रकाना भरायचा तर आधी तपासायला हवं. अपघातानंतर वेळेत रक्त घेतलंच नाही, तर कारणाच्या जागी 'अतिवेग' पडतं. पिलेला माणूस वेगातच असतो, त्यामुळं ते खोटंही ठरत नाही.

रात्रपाळी

मी जिल्ह्याच्या ठिकाणी कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. गाव सांगत नाही.

रक्त घेण्यावरून एक गोष्ट. पोलीस केसमध्ये दारूसाठी रक्त घेताना हात स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा नसतो. नसता वकील उभाच राहतो, की ही दारू बोळ्याची होती. साध्या पाण्यानं किंवा दुसऱ्या औषधानं पुसून घेतो. बाटलीत सोडियम फ्लोराईड असतं, म्हणजे रक्त वाटेत आंबत नाही. लाखेचं सील, त्यावर सह्या. नवीन मुलींना हे पहिल्या आठवड्यात शिकवते.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. मागच्या लग्नसराईत वरातीतून एक पोरगा आणला. दुचाकीवरून पडलेला, वासाचा भपका. सोबतचे म्हणाले, "ताई, जास्त झालीय, सलाईन लावा आन झोपू द्या, सकाळी उठतोय." अंगावर खरचटलेलंसुद्धा फारसं नाही. मी टॉर्च मारला. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी, डावी बारीक. मघा दोनदा उलटी झाली होती, ती सगळ्यांनी दारूच्या खाती टाकलेली. डोक्यात रक्तस्राव होता. पुढं पाठवला, वेळेत ऑपरेशन झालं, वाचला. गावातच पडला असता तर 'झोपलाय' म्हणून वरून चादर घातली असती.

दारूचा वास येतोय म्हणून सगळं दारूचंच असतं असं नाही. पडलेला माणूस पिलेला असो नसो, हाक मारून, चिमटा काढून नीट जागा होत नसेल, सारखी उलटी होत असेल, कानानाकातून रक्त किंवा पाणी येत असेल, एक हात-पाय कमी हलत असेल, तर झोपवू नका. १०८ ला फोन. मानेला झटका न देता धरा, उलटी होत असेल तर सगळं अंग एकदम वळवून एका कुशीवर घ्या. शुगरच्या पेशंटनं, त्यातही इन्सुलिनवाल्यानं, उपाशी घेतली तर साखर इतकी उतरते की तो पिल्यासारखाच बरळतो. त्यालाही लोक झोपू देतात.

भाकरी_करपली

सिस्टर, अंगावर काटा आला. आणि जखमीला आणणाऱ्याला पोलीस त्रास देतात म्हणून कुणी हात लावत नाही, त्याचं काय?

काळा_कोट

आता तसं नाही ताई. मोटार वाहन कायद्यातच कलम १३४अ आहे. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव सांगायचं की नाही, साक्षीदार व्हायचं की नाही, ही त्याची मर्जी. सिस्टरनाही विचारा, नाव सांगितल्याशिवाय पेशंट घेत नाही असं कुणी म्हणूच शकत नाही.

रात्रपाळी

हो. आणून सोडा आणि जा, पण आणा.

दहाचाकी

डॉक्टर साहेब, एक इचारू का? दारू मी सोडली, पण नागपूरहून निघून सलग चालवूलालो की पहाटं चारला दारूपेक्षा वाईट होतंय.

साधा_डॉक्टर

मामा, बरोबर ओळखलंत. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा चालवतो. आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या वर गेला म्हणा. फरक एवढाच की झोपेला फुंकायचं मशीन नाही. सरांच्या बाबतीत दोन्ही होतं बघा. ५८ दारू आणि वर मोडकी चार-पाच तासांची झोप.

उसाचं_टिपरू

धागा वाचून चार दिवस लिहू का नको करत होतो. माझे दोन ट्रॅक्टर कारखान्याला आहेत. एका ड्रायव्हरला सकाळी उठल्या उठल्या घोट लागतो. नाही घेतला तर हात थरथरतात, चावी लागत नाही. घेतला की एकदम सरळ. काम एक नंबर, सात वर्षं झाली. काल मी दम दिला, आजपासून एक थेंब नाही, नसता उचल परत दे आणि घरी जा. तो पाया पडला, शपथ घेतली, बाटली माझ्यासमोर फोडली. बरोबर केलं ना?

साधा_डॉक्टर

दादा, आत्ता तो कुठं आहे? हे आधी सांगा.

गाडीवरून उतरवलंत ते बरोबर. पण असा माणूस एका झटक्यात स्वतःहून बंद करतो तेव्हाच धोका असतो. त्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली चालायला शिकलाय, दाब एकदम काढला की उसळतो. सहा-आठ तासांत घाम, थरथर, बेचैनी. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, अंगावर किडे दिसतात, ताप चढतो, दाखल केलं नाही तर जीवही जातो. लोक म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं. ट्रॅक्टरवर असताना फिट आली तर काय, ते तुम्हाला सांगायला नको.

आजच दवाखान्यात न्या. थरथर आवरायची औषधं असतात, ती देऊन सावकाश कमी करतात, सोबत व्हिटॅमिन बी-१ ची इंजेक्शनं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं हेच काम चालतं. फोनवर विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. आणि त्याला रागावू नका. सकाळचा घोट तो मजेसाठी घेत नव्हता.

उसाचं_टिपरू

फडावरच होता, कोपीत. तुमचं वाचून लगेच गेलो. घामानं भिजलेला, बायको पदरानं वारा घालत होती, एवढ्या थंडीत. तिनं सांगितलं की सकाळपासून दोनदा म्हणाला, ट्रॉली उलटलीय, ट्रॉली उलटलीय. आता गाडीत घातलाय, माझा पोरगा चालवतोय, मी मागून लिहितोय.

रात्रपाळी

किती वर्षं, किती रोज, शेवटची कधी घेतली, हे तिघांनी तीन सांगू नका. बायकोला सोबत घ्या, तिलाच खरं माहीत असतं.

उसाचं_टिपरू

घेतलंय सोबत.

(दुसऱ्या दिवशी) दाखल केलं. रात्री एक फिट आली, पण दवाखान्यात आली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तरी ठेवू. मुकादमाला कळवलंय. एक ट्रॅक्टर उभा आहे, टोळी तोडून बसलीय आणि ऊस वाळायलाय. लातूर-रेणापूर भागात कुणाच्या ओळखीत ड्रायव्हर असेल तर सांगा. न पिणारा.

दहाचाकी

माझा पुतण्या हाय, माळकरी. नंबर निरोपात धाडतो.

काळी_माती

कोर्टात जाऊन आलो, दंड भरला. परवाना जमा आहे. त्यामुळं टिपरू दादा, मी न पिता हजर राहिलो तरी तुमच्या कामाचा नाही. आईला परवा डोळ्याच्या दुसऱ्या तपासणीला एसटीनं नेलं. खिडकीची जागा मिळाली तिला. मी उभा.